लाट आली की सोडली?

गेल्या शुक्रवारी संध्याकाळी आमच्या टीमचा एक कॉल झाला. एरवी शुक्रवारच्या कॉलला निम्मी जनता कॅमेरा बंद करून बॅग भरत असते. या वेळी मात्र सगळे चेहरे दिसत होते, कारण सकाळीच आमच्यातल्या दोघांचं लॉगिन बंद झालं होतं. मॅनेजरसाहेबांनी घसा साफ केला आणि इंग्रजीत जे काही सांगितलं त्याचा मराठी गोषवारा असा: सध्या समोरून वारं आहे, सगळ्या इंडस्ट्रीतच लाट आलेली आहे, ही पहिली वेव्ह आहे आणि आपण सगळ्यांनी मिळून ती पार करायची आहे. एनी क्वेश्चन्स? एकही नाही. लाटेला काय प्रश्न विचारणार?

मी घरूनच काम करत होतो आणि स्पीकर चालू होता. आई शेजारी मेथी निवडत बसली होती. कोविडच्या दोन वर्षांत टीव्हीने तिला 'वेव्ह' हा शब्द पक्का शिकवलाय. कॉल संपल्यावर म्हणाली, "नाशकात लाट कुठून आली रे? इथे समुद्र तरी आहे का?"

मी हसलो. पण तो प्रश्न शनिवारभर डोक्यात बसला. म्हणून हा लेख.

तर मंडळी, नाशिक समुद्रसपाटीपासून जवळजवळ सहाशे मीटर उंचावर आहे. समुद्र बघायचा तर कसारा घाट उतरून मुंबई गाठावी लागते. तरीही रविवारी सकाळी चहासोबत पेपर उघडला आणि पेन घेऊन खुणा करत बसलो, तर समुद्र पानापानांतून वाहत होता. उष्णतेची लाट. संतापाची लाट. चर्चेला उधाण. उत्साहाला भरती. लोकप्रियतेला ओहोटी. मिरवणुकीत जनसागर. भक्तीचा महापूर. क्रीडा पानावर चौकार-षटकारांची लाट, आणि जाहिरातीत सवलतींची त्सुनामी. या शेवटच्या शब्दाने मात्र माझा चहा कडू केला. २६ डिसेंबर २००४ च्या आधी हा शब्द आपल्यापैकी कितीजणांना माहीत होता? हिंद महासागराच्या किनाऱ्यांवर दोन लाखांहून जास्त माणसं गेली तेव्हा तो आपल्या घराघरांत पोचला, आणि आता त्यावर फ्रीज आणि वॉशिंग मशीन विकले जातात. असो.

गंमत म्हणजे हे शब्द जिथले आहेत तिथे ते इतके ढगळ नाहीत. किनाऱ्यावरच्या माणसाला भरतीचं कौतुक नसतं, तिचं वेळापत्रक असतं. अमावास्या-पौर्णिमेला चंद्र आणि सूर्य एका रेषेत ओढतात, पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतं; ते उधाण. अष्टमीच्या आसपास दोघं काटकोनात ओढतात, चढउतार कमी होतो; तो भांग. म्हणजे उधाण ही दर पंधरा दिवसांनी, तिथी सांगून येणारी गोष्ट. मुंबई महापालिका दर पावसाळ्याआधी साडेचार मीटरच्या वर भरती जाणाऱ्या दिवसांची यादी जाहीर करते, तारीख आणि वेळेसकट. इतकी शिस्तीची गोष्ट आपण घाटावर आणली आणि 'अफवांना उधाण' असं म्हणून ती बेशिस्तीची खूण करून टाकली!

संस्कृतात 'वेला' म्हणजे किनारा, भरती आणि वेळसुद्धा. आपली रोजची 'वेळ' तिथूनच आली. इंग्रजीतल्या 'टाइड'चंही तेच: त्या शब्दाचा जुना अर्थ वेळ असाच होता, समुद्राचा अर्थ नंतर चिकटला. म्हणजे किनाऱ्यावरच्या दोन लोकांना, एकमेकांना न विचारता, समुद्र हे घड्याळ वाटलं. आपल्याला तो अपघात वाटतो.

इंग्रजीला नावं ठेवण्यात अर्थ नाही, तिच्यातही हाच प्रकार आहे. किंबहुना आमचं क्षेत्र तर या समुद्री इंग्रजीवरच तरंगतं. आम्ही नेट 'सर्फ' करतो (१९९२ साली एका ग्रंथपाल बाईंनी आपल्या लेखाच्या शीर्षकात हा शब्दप्रयोग वापरला आणि तो लोकप्रिय झाला). बदलाचे 'रिपल इफेक्ट' होतात. पाऊस पडला की कॅबच्या अ‍ॅपवर 'सर्ज' लागतो. हा सर्ज जरा नीट बघा. सर्ज म्हणजे उसळलेली लाट. प्रत्यक्षात काय झालेलं असतं? कोणीतरी एक सूत्र लिहिलेलं असतं, त्यात मागणी भागिले पुरवठा असं काहीतरी असतं, आणि दीडपट की अडीचपट हा गुणक कोणीतरी मीटिंगमध्ये बसून मंजूर केलेला असतो. पण स्क्रीनवर 'आम्ही भाडं अडीचपट केलं' असं येत नाही. सर्ज येतो. निसर्गच तो, त्याला कोण काय बोलणार?

इथेच माझा मुद्दा आहे. लाट हा शब्द वाक्यातला कर्ता गिळतो. शाळेत आपल्याला कर्तरी आणि कर्मणी प्रयोग शिकवले. 'रामाने आंबा खाल्ला' हे कर्मणी, तरी त्यात बिचारा राम दिसतो. 'लाट आली' या वाक्यात व्याकरणाच्या बाई खूश होतील असा कर्ता आहे, पण तो पकडायला गेलात तर हातात पाणी. शाळेतल्या भौतिकशास्त्रात सांगितलेलं आठवतंय का? लाटेत पाणी पुढे जात नाही, ऊर्जा पुढे जाते. पाण्यात तरंगणारा नारळ बऱ्यापैकी जागच्या जागी वरखाली होतो. वारा वाहिलेला असतो कुठेतरी शेकडो मैल दूर, लाट फुटते आपल्या पायाशी. त्यामुळे लाट बघणाऱ्याला वारा दिसत नाही. शब्दाचंही तसंच. 'लाट' म्हटलं की वारा विचारायचा राहून जातो.

कोविडचंच घ्या. आपल्याकडे रोगाला पूर्वापार शब्द होता 'साथ'. प्लेगची साथ, पटकीची साथ. साथ म्हणजे सोबत. रोग माणसाच्या सोबतीने येतो हे त्या शब्दातच आहे. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाला तर आपल्या लोकांनी 'मानमोडी' असं नाव दिलं होतं. माणसाला काय होतं ते सरळ नावातच. २०२० मध्ये मात्र आपण इंग्रजीतून 'वेव्ह' घेतली आणि पहिली लाट, दुसरी लाट असं मोजू लागलो. आकड्यांचा आलेख काढला तर तो लाटेसारखा दिसतो, तेवढ्यापुरतं ते बरोबरही आहे. पण आलेखाचा आकार आणि घडण्याचं कारण या दोन गोष्टी आहेत, आणि त्यांची गल्लत महागात पडते.

२१ एप्रिल २०२१. नाशिककरांना तारीख सांगायला नको. महापालिकेच्या झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली, आत जाणाऱ्या ऑक्सिजनचा दाब घसरला आणि त्या दिवशी २२ रुग्ण गेले. आजही कोणी त्या दिवसांबद्दल बोलताना 'दुसऱ्या लाटेत गेले' असं एका दमात म्हणून जातो तेव्हा मला अडखळल्यासारखं होतं. ते लाटेत गेले नाहीत हो. ते गळतीने गेले. गळतीला टाकी असते, टाकीला व्हॉल्व्ह असतो, व्हॉल्व्हला देखभालीचं काम असतं, आणि त्या कामाला माणूस. म्हणून तर चौकशी समिती नेमली गेली. लाटेची चौकशी करता येत नाही, गळतीची करता येते. एका शब्दाचा फरक, पण पुढच्या वेळी कोणी वाचणार की नाही हे त्या फरकावर अवलंबून असतं.

राजकारणातल्या लाटेचं गणित तर आणखी मजेशीर. १९८४ च्या डिसेंबरात सहानुभूतीच्या लाटेत काँग्रेसला चारशेच्या वर जागा मिळाल्या. २०१४ मध्ये मोदी लाटेत भाजपला २८२. पहिल्या वेळी पक्षाला मतं होती निम्म्याला थोडी कमी, दुसऱ्या वेळी साधारण ३१ टक्के. म्हणजे दोन्ही वेळी निम्म्याहून जास्त मतदारांनी त्या पक्षाला मत दिलेलं नव्हतं. (दोन्ही बाजूच्या मित्रांनी ह. घ्या. आकडे माझे नाहीत.) लाटेत मोठा वाटा आपल्या मतमोजणीच्या पद्धतीचाही असतो, पण 'लाट' म्हटलं की विजेत्याला वाटतं अख्खा समुद्रच आपला आहे आणि हरलेल्याला वाटतं आपली काही चूक नव्हती. दोघांचीही सोय.

आता कोणी म्हणेल, अरे मग काय भाषेतून लाटच काढून टाकायची? नाही हो. आमच्या जिल्ह्यातच एक लाट आहे जिच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. थंडीची लाट. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा उतरला की राज्यभर बातमी होते. हवामान खात्याच्या लेखी लाट म्हणजे उगाच अंग शहारणं नव्हे. सपाट प्रदेशात किमान तापमान १० अंशांवर किंवा खाली आलं पाहिजे आणि ते सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी तरी कमी पाहिजे. उष्णतेच्या लाटेला तसंच: कमाल तापमान किमान ४० आणि सरासरीपेक्षा साडेचार अंश जास्त. म्हणजे या लाटेला व्याख्या आहे, आकडा आहे, आणि तिचा वारा कुठून येतो हेही सांगता येतं: उत्तरेकडून. मुख्य म्हणजे ही लाट ऐकून कोणी हात जोडून बसत नाही. द्राक्षबागायतदार पहाटे बागेत शेकोट्या पेटवतो, ठिबक चालू करतो, मणी वाचवायला धडपडतो. शब्दाने माणसाला कामाला लावलं तर तो शब्द चांगला. शब्दाने माणसाला खाली बसवलं तर त्याच्याकडे संशयाने बघावं.

आणि इथे मला आपल्या गावाचं कौतुक करावंसं वाटतं. समुद्र नसला तरी नाशिककराला पाणी कळतं. पावसाळ्यात गंगेला (म्हणजे गोदावरीला, बाहेरच्यांसाठी खुलासा) पूर आला की आपण मोजतो कशाने? दुतोंड्या मारुतीने. पाणी मारुतीच्या गुडघ्याला लागलं, कंबरेला लागलं, छातीला लागलं, गळ्याला लागलं. इतकी अचूक, इतकी सगळ्यांना कळणारी मोजपट्टी कुठल्या डॅशबोर्डवर बघितली आहे का? आम्ही ऑफिसात लाखो रुपयांची मॉनिटरिंगची टूल्स लावतो, आणि त्यावर लाल दिवा लागला तर अर्धी टीम विचारते याचा अर्थ काय. दुतोंड्याच्या गळ्याला पाणी याचा अर्थ विचारावा लागत नाही.

पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे आपण पुढे विचारतो तो प्रश्न. मारुती बुडायला आला की शेजारच्या काकांपासून रिक्षावाल्यापर्यंत प्रत्येकजण विचारतो, "किती सोडलं?" गंगापूर धरणातून किती क्यूसेक सोडलं, किती वाजता सोडलं, रामकुंडापर्यंत पोचायला किती वेळ लागेल. पूर 'आला' असं आपण म्हणतो खरं, पण मनात पक्कं असतं की पावसाने भरलं आणि कोणीतरी सोडलं. पाऊस निसर्गाचा, दरवाजा माणसाचा. १९६९ चा पूर वडीलधाऱ्यांच्या आठवणीत आहे, २००८, २०१६ आणि २०१९ चे आपण बघितले. २००८ च्या सप्टेंबरातल्या पुरानंतर तर गावात वाद पेटला तो याच प्रश्नावर: पाणी आधी थोडं थोडं का नाही सोडलं? त्या वादाचं उत्तर काय ते तज्ज्ञांनी सांगावं. पण प्रश्न बरोबर होता. अशा प्रश्नांमुळेच विसर्गाचे आकडे तासातासाला जाहीर करावे लागतात.

हाच प्रश्न गर्दीला लावून बघा. सिंहस्थ आला की पेपरात जनसागर उसळतो. २७ ऑगस्ट २००३ ला याच गावात शाहीस्नानाच्या दिवशी चेंगराचेंगरी झाली आणि ३९ भाविक गेले. सागर उसळला म्हणून नाही. अरुंद उतारावर मावतील त्यापेक्षा जास्त माणसं एका वेळी सोडली गेली किंवा अडवली गेली म्हणून. २०१५ च्या सिंहस्थात बाहेरगावच्या गाड्या शहराबाहेर थांबवल्या, जायचे आणि यायचे रस्ते वेगळे केले, म्हणजे थोडक्यात धरणाचं शास्त्र माणसांना लावलं. कुंभथॉन नावाच्या उपक्रमातून तर पायाखाली अंथरायची एक चटई तयार झाली, अशिओटो नावाची. तिच्यावरून माणूस गेला की पाऊल मोजलं जायचं, आणि कुठे दाटी होतेय ते कळायचं. इंजिनिअर म्हणून मला त्या चटईचा भारी आदर आहे. 'जनसागर' या शब्दाला तिने दिलेलं उत्तर आहे ते: सागर नाही, पावलं आहेत, आणि ती मोजता येतात. २०२७ चं स्नान जवळ येतंय. तेव्हा टीव्हीवर महासागर दिसला तर दिसू दे, पण कंट्रोल रूममध्ये बसलेल्याला पावलंच दिसली पाहिजेत.

आता परत शुक्रवारच्या कॉलकडे.

आमच्या धंद्यात सर्व्हर पडला तर दुसऱ्या दिवशी पोस्टमॉर्टेम होतं. त्यात 'ट्रॅफिकची लाट आली आणि सर्व्हर पडला' एवढं लिहून सुटता येत नाही. लगेच विचारणा होते: मर्यादा किती ठेवली होती? कोणी ठेवली? अलार्म किती वाजता वाजला? दोन तासांच्या बंदसाठी आम्ही पाच पानं लिहितो. आणि दोन माणसं कायमची काढली त्याचं पोस्टमॉर्टेम एका शब्दात: वेव्ह.

वारा होता, हे मी नाकारत नाही. अमेरिकेत मार्च २०२२ मध्ये शून्याच्या आसपास असलेले व्याजदर २०२३ पर्यंत पाच टक्क्यांच्या वर गेले, फुकटचा पैसा आटला. नोव्हेंबर २०२२ मध्ये मेटाने ११ हजार, जानेवारी २०२३ मध्ये गूगलने १२ हजार आणि मायक्रोसॉफ्टने १० हजार माणसं कमी करण्याचं जाहीर केलं. पण तिथेही मेटा आणि गूगलच्या प्रमुखांनी जाहीर पत्रात लिहिलं की निर्णयाची जबाबदारी माझी आहे. त्याने कोणाची नोकरी परत आली नाही, मान्य. पण निदान वाक्यात कर्ता होता. आमच्याकडे तेवढाही नव्हता. वास्तविक मराठीत यासाठी किती प्रामाणिक शब्द आहे बघा: कपात. कापायला कात्री लागते आणि कात्री धरायला हात. (आणि माणसं घ्यायची असतील तेव्हा आपला शब्द आहे भरती! मग निदान ओहोटी तरी म्हणा, तिला वेळापत्रक असतं.)

शनिवारी रात्री त्या दोघांपैकी एकाला फोन केला. हा सगळा माझा सिद्धांत त्याला तावातावाने ऐकवला. तो शांतपणे ऐकून म्हणाला, "हे बघ, मी सासुरवाडीला लाट आली असंच सांगितलंय. लाट म्हटलं की निदान मी काही चूक केली असं कोणाला वाटत नाही. कपात म्हटलं की लगेच विचारतात, तुलाच का?"

मी गप्प झालो. हे मला सुचलंच नव्हतं. कर्ता लपवणारा शब्द कधी कधी माणसाची अब्रूही झाकतो. तेव्हा माझ्या मतात एवढी दुरुस्ती करतो: बुडणाऱ्याने लाट म्हणावं, त्याला तो हक्क आहे. दरवाजा उघडणाऱ्याने म्हणू नये.

रविवारी रात्री मॅनेजरला एक मेल टाकला. तीनच ओळी. हे दोघंच का, कुठल्या आकड्यावर ठरलं, आणि दुसरी वेव्ह येणार असेल तर तिची तारीख कोण ठरवणार? पाठवायच्या बटणावर बोट ठेवून पाच मिनिटं बसलो होतो हे कबूल करतो. घराचा हप्ता मलाही आहे. शेवटी आई म्हणाली, "एवढं काय विचारायचंय त्यात? पावसाळ्यात आपण विचारतोच ना, किती सोडलं म्हणून?"

सोमवारी सकाळी उत्तर आलं: 'लेट्स टेक धिस ऑफलाइन.' आज शनिवार. अजून ऑफलाइनच आहे. पण बुधवारच्या कॉलला आमच्यातल्या सगळ्यात नव्या पोरीने, जी एरवी म्यूटवर असते, तोच प्रश्न सगळ्यांसमोर विचारला. आणि या खेपेला साहेबांनी 'वेव्ह' हा शब्द वापरला नाही. म्हणाले, "आम्ही ठरवलं."

पाणी अजून गळ्याशीच आहे. पण सोडलं कोणी ते तरी कळलं.